शर्यतीचा पट्टा आणि रस्त्यावरची गाडी

औंढा नागनाथ हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते नागनाथाच्या मंदिरामुळे. अलीकडे ते विज्ञानाच्या बातम्यांतही येऊ लागले आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा या परिसरात उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अंतिम मंजुरी दिली. या वेधशाळेतले सुमारे ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात. जमीन हलली तरी आरसा हलू नये, यासाठी हा खटाटोप. जडत्वाचा याहून सुंदर उपयोग शोधून सापडणार नाही.

हे सांगितले की वरच्या वर्गातले विद्यार्थी हमखास उलटा प्रश्न विचारतात. आरसा जमिनीपासून सोडवला की तो सुरक्षित राहतो, मग माणसाला गाडीशी बांधले की तो सुरक्षित कसा होतो? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. शर्यतीच्या गाडीत चालकाला चार, पाच, सहा टोकांच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेले असते. तसा पट्टा घरच्या गाडीला बसवून घेतला तर ती अधिक सुरक्षित होईल ना? सजवलेल्या गाड्यांची चित्रे पाहून मुलांना हे सुचते आणि प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते समजण्यासाठी पट्ट्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

आधी थोडे गणित

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. या वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, की तिचे नाक चेपते आणि सुमारे ६० सेंटिमीटर अंतरात ती थांबते असे धरू. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, या सूत्राने मंदन येते सुमारे १६० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाला 'जी' म्हणू. म्हणजे हे मंदन झाले सुमारे १६ जी.

आतल्या माणसाचे काय? पट्टा बांधलेला असेल तर तो गाडीबरोबर थांबतो. म्हणजे गाडीच्या नाकाचे ६० सेंटिमीटर त्यालाही वापरायला मिळतात. ७० किलोच्या माणसावर तेव्हा सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशे किलो वजनाइतके बल येते. बल मोठे आहे. पण ते खांदा, छाती आणि कंबरेच्या हाडांवर पसरले तर माणूस वाचतो. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी माणूस त्याच १३.९ मीटरच्या वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या कठीण भागावर आदळून पाचेक सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर बारा पटीने कमी, म्हणून मंदन बारा पटीने जास्त: जवळजवळ २०० जी.

पट्ट्याचे मूळ काम एवढेच आहे: थांबण्यासाठी अंतर मिळवून देणे आणि बल सोसू शकणाऱ्या हाडांवर ते वाटून देणे. यापुढचा सगळा इतिहास याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

घोड्याच्या साजापासून रॉकेटच्या गाडीपर्यंत

शर्यतीच्या पट्ट्याला 'हार्नेस' म्हणतात. टांग्याच्या घोड्याच्या साजालाही हाच शब्द आहे. सुरुवातीचे पट्टे खरोखरच त्या जातीचे होते. १९१० मध्ये बेंजामिन फुलॉय या अमेरिकी लष्करी वैमानिकाने राइट बंधूंच्या विमानातून बाहेर फेकले जाऊ नये म्हणून खोगिराचा चामडी पट्टा स्वतःभोवती आवळला होता. त्याआधी १९०२ मध्ये वॉल्टर बेकर यांची 'टॉर्पेडो' ही विजेवर चालणारी वेगवान मोटार न्यूयॉर्कमधल्या स्टेटन बेटावर घसरून प्रेक्षकांत घुसली. काही प्रेक्षक मृत्यू पावले. गाडीतले दोघे पट्ट्यांनी बांधलेले होते, ते वाचले.

इतका स्पष्ट धडा मिळूनही शर्यतीच्या जगाने पुढची साठेक वर्षे पट्टा मनापासून स्वीकारला नाही. गाडीने पेट घेतला तर बांधलेला माणूस जळून मरेल, त्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, अशी चालकांची समजूत होती. तेव्हाच्या पेट्रोलच्या टाक्या पाहता ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण फेकला गेलेला माणूस कोठे पडेल हे ठरवणारे कोणी नसते, ही बाजू मात्र विसरली जात होती.

माणसाचे शरीर किती सोसू शकते याचे मोजमाप पुढे आले ते विमानविद्येतून. अमेरिकी वायुदलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या गाडीत स्वतःला बांधून घेतले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती १.४ सेकंदांत थांबली. वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे. सरासरी मंदन सुमारे २० जी येते. नोंदलेले कमाल मंदन मात्र ४६.२ जी होते. सरासरी आणि कमाल यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. स्टॅप यांच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, पण ते जगले. नीट बांधलेले शरीर समजुतीपेक्षा कितीतरी जास्त सोसते, हे त्यांनी दाखवून दिले.

तीन टोकांची युक्ती

१९५०च्या दशकात काही मोटारींत फक्त कमरेचा पट्टा असे. त्याने माणूस जागेवर राही, पण कमरेतून घडी पडून डोके पुढे आपटे. स्वीडनमधल्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन हे अभियंता १९५८ मध्ये रुजू झाले. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. वैमानिक कितीही पट्टे बांधायला तयार असतो. घरून बाजारात निघालेला माणूस एक मिनिटही थांबायला तयार नसतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून एका हाताने लावता येईल असा, छातीवरून तिरपा आणि कमरेवरून आडवा जाणारा एकच सलग पट्टा त्यांनी १९५९ मध्ये तयार केला. त्याची दोन टोके कमरेच्या दोन्ही बाजूंना खाली आणि तिसरे खांद्याच्या वर. कंपनीने हे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले.

पुढे या पट्ट्यात तीन भर पडल्या. पहिली जडत्वावर चालणाऱ्या रिळाची. एरवी हे रीळ पट्टा सैल सोडते. गाडी एकदम मंदावली किंवा पट्टा झटक्याने ओढला गेला की ते अडकते. दुसरी भर म्हणजे धडक होताच काही मिलिसेकंदांत पट्ट्याचा ढिलेपणा ओढून घेणारी यंत्रणा. तिसरी भर सर्वांत कमी माहितीची आणि आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाची. पट्ट्यावरचा ताण एका मर्यादेपलीकडे, साधारण ४ ते ६ किलोन्यूटनपलीकडे, गेला की रिळातली धातूची कांडी पिळली जाते आणि पट्टा थोडा थोडा सुटतो. छाती हळूहळू पुढे जाऊन फुगलेल्या एअरबॅगवर टेकते. म्हणजे आजचा रस्त्यावरच्या गाडीचा पट्टा जाणूनबुजून थोडा 'हार मानतो', आणि त्या हार मानण्यातूनच जास्तीचे अंतर मिळते.

शर्यतीच्या पट्ट्याची किंमत

शर्यतीच्या गाडीत असे हार मानणे परवडत नाही. चालकापुढे मोकळी जागा नसते, वेग प्रचंड असतो आणि गाडी अनेक वेळा उलटू शकते. म्हणून तेथे शरीर आसनाशी घट्ट आवळतात. पण हा पट्टा एकदम तयार झाला नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा एखाद्या मृत्यूनंतर आली.

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोन्झा येथे सराव करताना जोखेन रिंट यांची गाडी कठड्यावर आदळली. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे त्यांनी बांधले होते. आग लागल्यास चटकन बाहेर पडता यावे म्हणून दोन मांड्यांमधला पट्टा ते वापरत नसत. धडकेत शरीर पट्ट्यांखालून पुढे घसरले आणि पट्टा गळ्यापाशी आला. ते वाचले नाहीत. त्या वर्षीचे फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा टोकांचा हार्नेस सक्तीचा झाला.

हे घसरणे समजून घेण्यासारखे आहे. कमरेचा पट्टा बसायला हवा तो कंबरेच्या हाडांच्या पुढच्या उंचवट्यांवर. खांद्याचे दोन्ही पट्टे कमरेच्या पट्ट्याच्या मध्यभागी कुलपाला जोडलेले असतात. धडकेत छाती पुढे रेटली गेली की हे पट्टे कुलपाला वर ओढतात. कमरेचा पट्टा हाडांवरून निसटून मऊ पोटावर चढतो. तेथे यकृत, प्लीहा आणि आतडी आहेत. अडवायला हाड नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा कुलपाला खाली धरून ठेवतो, आणि त्याचे तेवढेच काम असते. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक चार टोकांच्या पट्ट्यांत नेमका हाच नसतो.

शरीर घट्ट धरले की राहिली मान. धड थांबते, डोके थांबत नाही. हेल्मेटसह डोके सहा-सात किलोचे धरले, तर ५० जीच्या धडकेत मानेला सव्वातीनशे किलो वजनाएवढी ओढ बसते. कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू येतो तो असा. मिशिगनमधले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे नातलग, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात खांद्यावर बसणारी एक कडक पट्टी तयार केली. तिला हेल्मेट दोऱ्यांनी जोडलेले असते, त्यामुळे डोक्याची ओढ मानेऐवजी पट्ट्यांवर जाते. तिला 'हॅन्स' म्हणतात. ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेतले नामवंत शर्यतपटू डेल अर्नहार्ट डेटोना येथे कवटीच्या तळाच्या अशाच दुखापतीने गेले. त्याच वर्षी तेथील स्पर्धांत आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये मानेचे असे संरक्षण सक्तीचे झाले.

त्याच २००३ मध्ये टेक्सासमधल्या शर्यतीत केनी ब्रॅक हे चालक २१४ जी इतक्या नोंदलेल्या कमाल मंदनातून वाचले. त्यांना फक्त पट्ट्याने वाचवले नाही. शरीराच्या मापाचे आसन, पोलादी किंवा कार्बन तंतूंचा सांगाडा, हेल्मेट, मानेचे संरक्षण आणि हार्नेस यांनी मिळून वाचवले. आपल्याकडच्या बाहा स्पर्धेतही हाच नियम आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ पासून भरू लागलेल्या या स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन उतरतात. नळ्यांचा सांगाडा, हेल्मेट आणि हार्नेस ही सगळी मंडळी एकत्र हजर नसतील तर गाडीला मैदानात सोडत नाहीत.

साखळीतली एकच कडी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरच्या गाडीला हार्नेस बसवताना आपण या साखळीतली एकच कडी उचलून आणतो. मग काय काय बिघडते?

पहिली गोष्ट कोनाची. शर्यतीच्या गाडीत खांद्याचे पट्टे पाठीमागे जवळजवळ आडवे जातात. 'फिया' या मोटारक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार ते आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नयेत, शक्यतो १० अंशांच्या आत असावेत. घरच्या गाडीत आडवा पोलादी दांडा नसतो. म्हणून हौशी माणूस पट्टे मागच्या आसनाच्या पायथ्याशी किंवा तळाच्या पत्र्याला बांधतो. प्रत्येक पट्ट्यात ४ किलोन्यूटन ताण आला असे धरा. १० अंशांच्या कोनात दोन्ही पट्टे मिळून खांदे खाली दाबतात ते सुमारे १.४ किलोन्यूटनने, ४५ अंशांत तेच बल सुमारे ५.७ किलोन्यूटन होते. जवळजवळ पावणेसहाशे किलोचे हे ओझे थेट पाठीच्या मणक्यांवर उभे पडते.

दुसरी गोष्ट पत्र्याची. फियाच्या नियमांत खांद्याचा किंवा कमरेचा पट्टा अडकवण्याच्या प्रत्येक ठिकाणी १४.७ किलोन्यूटन बल सोसले गेले पाहिजे, आणि नव्याने भोक पाडले तर पत्र्यामागे किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी. नुसत्या पातळ पत्र्यात आवळलेला बोल्ट धडकेत पत्रा फाडून बाहेर येतो.

तिसरी गोष्ट टपाची. गाडी उलटून टप खाली दबला तर तीन टोकांच्या पट्ट्यात धड बाजूला कलू शकते. हार्नेसमधला माणूस खिळ्यासारखा ताठ उभा राहतो आणि टप डोक्यावर येतो. म्हणून नळ्यांचा सांगाडा लागतो. पण सांगाडा बसवला तर उघड्या डोक्याजवळ पोलादी नळी येते; मग हेल्मेट लागते. हेल्मेट आले की मानेवरचे वजन वाढते; मग हॅन्स लागते. एक कडी आणली की पुढची मागावी लागते, ती अशी.

चौथी गोष्ट एअरबॅगची. तिचा वेळ आणि फुगणे हे तीन टोकांच्या पट्ट्यातून छाती हळूहळू पुढे येईल, हे गृहीत धरून ठरवलेले असते. धड मागेच बांधलेले राहिले तर डोके एकटेच वेगळ्या वेळी, वेगळ्या कोनातून पुढे जाते.

पाचवी गोष्ट रोजच्या वापराची. हार्नेसला सैल सोडणारे रीळ नसते. नीट आवळला तर चौकात वाकून डावीउजवीकडे पाहता येत नाही. सैल ठेवला तर तो निरुपयोगी. शिवाय अशा पट्ट्यांना मुदत असते. फियाच्या प्रमाणपत्राचे पट्टे साधारण पाच वर्षांनी बाद धरले जातात, कारण ऊन आणि घर्षणाने धागे कमजोर होतात.

पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते. सीटबेल्ट आणि ते अडकवण्याच्या जागा यांच्या चाचण्या तेथे होतात. गाडीतला मूळ पट्टा अशा चाचण्यांतून आलेला असतो. कोपऱ्यावरच्या सजावटीच्या दुकानात बसवलेल्या हार्नेसची त्या गाडीसह अशी चाचणी कोणी घेतलेली नसते.

जो पट्टा आहे, त्याचे काय?

इतके सगळे सांगितल्यावर एक गोष्ट मनात सलते. आपल्याकडची खरी अडचण पट्टा अपुरा आहे ही नाही. असलेला पट्टा आपण लावत नाही.

औंढ्यासारखेच ज्योतिर्लिंगाचे दुसरे गाव म्हणजे परळी. त्या तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे २६ मे २०१४ रोजी केंद्रीय ग्रामविकासमंत्री झाले. आठवडाभरातच, ३ जून रोजी, दिल्लीत विमानतळाकडे जाताना त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली. ते मागच्या आसनावर होते, पट्टा लावलेला नव्हता. मानेच्या मणक्याला आणि यकृताला जबर इजा होऊन ते गेले. गाडीतले इतर दोघे बचावले. पेशाने डॉक्टर असलेले तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी, मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजाने आपला मित्र गमावल्याचे बोलून दाखवले होते. बाजूच्या धडकेत पट्टा सर्व काही करू शकत नाही, हेही खरे. पण शरीर गाडीत फेकले जाण्यापासून तो रोखतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी महागडी, सुरक्षेच्या सोयींनी भरलेली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण जगले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. ते दोघेही गेले.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. तरीही पट्टा न लावता त्याची घंटा बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपा विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचे आदेश द्यावे लागले. एकीकडे शर्यतीचे पट्टे बसवण्याची हौस आणि दुसरीकडे कंपनीने दिलेल्या पट्ट्याला फसवण्याची युक्ती. या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पट्टा काय करतो हे आपण समजून घेतलेले नाही.

वर्गात करून पाहा

एक लहान चाकांची गाडी, मातीची बाहुली आणि उतरती फळी घ्या. फळीच्या टोकाला वीट ठेवा. बाहुली पहिल्यांदा नुसती बसवा, मग बारीक दोऱ्याने बांधा, मग रुंद फितीने. दोरा ओल्या मातीत रुतलेला दिसेल, फीत रुतणार नाही. बल तेच, क्षेत्रफळ वेगळे, म्हणून दाब वेगळा. चौथ्या वेळी फीत मुद्दाम पोटावर आणि सैल बांधा आणि बाहुली फितीखालून कशी घसरते ते पाहा.

दुसरा प्रयोग तानकाट्याचा. विद्यार्थ्याच्या खांद्याऐवजी खुर्चीच्या पाठीची वरची कड घ्या आणि तिच्यावरून पट्टा टाका. पट्ट्याचे मागचे टोक तानकाट्याने एकदा आडवे आणि एकदा तिरपे खाली ओढा. वाचन दोन्ही वेळा सारखे ठेवा. तिरप्या ओढीत खुर्चीची कड किती जास्त दाबली जाते, हे तिच्यावर ठेवलेल्या हातालाही कळते. बलाचे घटक आणि साइनचे कोष्टक यांचा अर्थ येथे हाताला जाणवतो.

आणि गृहपाठ एकच. आपल्या, शेजाऱ्याच्या किंवा भाड्याच्या ज्या गाडीत विद्यार्थी बसतील, तिच्या मागच्या आसनावरचे कुलूप गादीखाली दडले आहे का ते पाहावे, ते वर काढावे आणि पट्टा कमरेच्या हाडांवरून, पोटावरून नव्हे, असा लावावा. त्याला एकही नवा बोल्ट लागत नाही.